मावळात वकील आहेत, पण कोणाचे?

सकाळच्या लोकलमधून वडगाव स्थानकावर उतरणाऱ्या गर्दीत काळा कोट हातावर टाकलेली काही माणसे हमखास दिसतात. ती न्यायालयाकडे जातात, दिवसभराच्या तारखा उरकतात आणि संध्याकाळच्या गाडीने चिंचवडला किंवा पुण्याला परततात. त्याच सकाळी अंदर मावळातल्या खांडीहून वा कुसूरहून निघालेला शेतकरी टाकवे, कान्हे असे टप्पे घेत वडगावला पोचतो. त्याच्या पिशवीत सातबाराचा उतारा, कोणा जुन्या फेरफाराची झेरॉक्स आणि तहसील कचेरीतून आलेली एक नोटीस असते. नोटीस काय म्हणते याचा त्याला पुरता उलगडा झालेला नसतो. वकिलाला तो व्हरांड्यात गाठतो, उभ्या उभ्या पाच मिनिटे बोलतो आणि पुढची तारीख घेऊन परत फिरतो. या दोघांच्या भेटीला तालुक्यात एवढीच जागा आहे आणि एवढाच अवकाश आहे. यात त्या वकिलाचा दोष काढण्यात अर्थ नाही. त्याचे घर, त्याच्या मुलांची शाळा आणि त्याच्या उत्पन्नाचा मोठा भाग शहरात आहे. तो वडगावला येतो हेच पुष्कळ झाले, असे म्हणावे लागेल.

ग्रामीण भागात वकील का जात नाहीत, हा प्रश्न निघाला की आपल्या डोळ्यांसमोर गडचिरोली, मेळघाट किंवा अक्राणी येते. मावळचे नाव कोणाच्या ओठांवर येत नाही, आणि ते स्वाभाविकही आहे. मुंबई आणि पुणे या दोन महानगरांच्या मधोमध हा तालुका पसरलेला आहे. लोहमार्ग, जुना महामार्ग आणि द्रुतगती मार्ग असे तिन्ही रस्ते त्याच्या अंगावरून गेले आहेत. लोणावळ्याला सुट्टीच्या दिवशी पाय ठेवायला जागा नसते. ज्या पुण्यात १९२४ पासून विधी महाविद्यालय चालू आहे आणि आज वर्षाकाठी शेकड्यांनी विधी पदवीधर बाहेर पडतात, ते पुणे तास-सव्वा तासाच्या अंतरावर आहे. तरीही पवन मावळातल्या, नाणे मावळातल्या किंवा अंदर मावळातल्या एखाद्या वाडीवरून पाहिले, तर कायदा तितकाच दुर्गम आहे जितका तो सातपुड्यातून दिसतो. म्हणूनच या प्रश्नाचा विचार मावळापासून करणे बोधप्रद ठरेल. अंतर हे येथे कारण म्हणून पुढे करता येत नाही.

वडगावचा कागदपत्रांशी असलेला संबंध जुना आहे. जानेवारी १७७९ मध्ये मराठी फौजांनी कोंडीत पकडलेल्या इंग्रजांनी येथेच तहावर सह्या केल्या, आणि तो तह पुढे कलकत्त्याच्या गव्हर्नर जनरलने झुगारून दिला. सही होणे आणि सहीला मोल असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या गावाला अडीच शतकांपासून माहीत असायला हरकत नाही. आज मात्र त्या अनुभवाची किंमत इंग्रजांऐवजी मावळातला शेतकरी मोजतो आहे.

वकील म्हटला की आपल्याला खटला आठवतो. न्यायाधीश, उलटतपासणी, निकाल असे ते चित्र असते. पण खेड्यातल्या माणसाचे कायद्याशी जे नाते आहे, ते बहुतांशी न्यायालयाबाहेरच घडते किंवा बिघडते. फेरफाराचे उदाहरण घ्या. तलाठ्याने नोंद धरली की तिची प्रत चावडीवर लागते, हितसंबंधितांना नोटीस जाते आणि हरकतीसाठी पंधरा दिवस मिळतात. हरकत आली नाही तर मंडल अधिकारी नोंद प्रमाणित करतो. त्याविरुद्ध प्रांताधिकाऱ्याकडे अपील करायचे तर जमीन महसूल अधिनियमाने साठ दिवसांची मुदत घातली आहे. हे पंधरा आणि साठ दिवस ज्याला वेळेवर समजले त्याचे काम एका अर्जावर भागते. ज्याला ते समजले नाहीत, त्याला विलंबमाफी, पुनरीक्षण आणि अखेर दिवाणी दावा अशी दहा-पंधरा वर्षांची वाट चालावी लागते. म्हणजे वकिलाची खरी गरज खटल्याच्या किती तरी आधी, नोटीस हातात पडते त्या आठवड्यात असते, आणि नेमका त्याच आठवड्यात तो गावात नसतो.

भूसंपादनाच्या बाबतीत तर ही गोष्ट अंगावर काटा आणणारी आहे. १८९४ च्या भूसंपादन कायद्याखाली नुकसानभरपाईचा निवाडा जाहीर झाला की वाढीव मोबदल्यासाठी न्यायालयाकडे प्रकरण पाठवण्याचा अर्ज करता येत असे. निवाड्याच्या वेळी हजर असलेल्याला त्यासाठी सहा आठवडे मिळत. पण त्याच कायद्यात आणखी एक अट होती. जो मनुष्य भरपाईची रक्कम निषेध न नोंदवता स्वीकारील, त्याला हा अर्ज करण्याचा अधिकारच उरत नसे. पावतीवर सही करताना ‘हक्क राखून’ अशा अर्थाचे दोन शब्द लिहिणे, एवढ्याच कृतीवर एका कुटुंबाच्या पुढच्या पिढीचे भवितव्य अवलंबून होते! २०१३ चा नवा कायदा आला तरी ही अट त्यातून गेली नाही. आता हे दोन शब्द शेतकऱ्याला कोणी सांगायचे? संपादन करणारा अधिकारी सांगणार नाही, कारण ते त्याचे काम नव्हे. ज्या बँकेत धनादेश वटतो ती बँक सांगणार नाही. ते सांगणारा मनुष्य गावातच कोठे तरी खुर्ची टाकून बसलेला असावा लागतो.

आणि मावळाने जमिनी किती वेळा दिल्या याची नुसती उजळणी केली तरी हे प्रकरण किरकोळ नाही, हे ध्यानात येईल. विसाव्या शतकाच्या आरंभी टाटांच्या जलविद्युत योजनेसाठी लोणावळा, वळवण आणि शिरवटा येथे तलाव झाले. १९१५ मध्ये खोपोलीचे वीजगृह चालू झाले. पुढे ठोकरवाडीचे धरण आले. शेजारच्या मुळशी पेट्यात १९२१ मध्ये जो सत्याग्रह उभा राहिला त्याचे सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे यांनी केलेले नेतृत्व आपण शाळेत वाचतो, पण त्या लढ्याचा निम्मा इतिहास संपादनाच्या नोटिसा आणि मोबदल्याचे वाद यांचाच आहे. स्वातंत्र्यानंतर १९७२ मध्ये पवना धरण पुरे झाले. त्या धरणात जमीन गेलेल्या खातेदारांपैकी कित्येकशे कुटुंबांना पर्यायी जमिनीसाठी अर्धशतक वाट पाहावी लागली. मूळ खातेदार वारले, त्यांचे वारस म्हातारे झाले, आणि कैफियत तीच राहिली. २००० च्या सुमारास द्रुतगती मार्ग झाला, तळेगावला औद्योगिक क्षेत्र वाढत गेले. ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊर येथे पवनेच्या बंद जलवाहिनीविरुद्ध शेतकऱ्यांनी द्रुतगती मार्ग रोखला तेव्हा गोळीबार झाला आणि तीन माणसे मेली. त्या दिवसाचे अनेक अर्थ लावले गेले. आमच्या मते त्यातला एक अर्थ असा, की ज्या समाजाला आपले गाऱ्हाणे योग्य वेळी योग्य दाराशी नेऊन मांडणारा मनुष्य जवळ सापडत नाही, तो समाज रस्त्यावर येतो. वकील असते तर गोळीबार टळला असता, असा भाबडा दावा येथे करायचा नाही. परंतु रस्त्यावर येण्यापूर्वीच्या सगळ्या पायऱ्या लोकांना अंधारातच चढाव्या लागल्या, हे नाकारता येणार नाही.

इथे एक विसंगती नजरेआड करून चालणार नाही. वकील मावळात येतच नाहीत असे मुळीच नाही. द्रुतगती मार्ग झाल्यापासून जमिनीला सोन्याचा भाव आला, आणि त्या भावाबरोबर कायदाही मोटारीतून आला. तो आला खरेदीदाराच्या शेजारी बसून. तीस वर्षांचा शोध अहवाल, विसारपावती, साठेखत, कुलमुखत्यारपत्र, विकसन करारनामा अशी कागदांची रासच त्याच्या पेटीत होती. वृत्तपत्रात जाहीर नोटीस प्रसिद्ध होते, तमाम लोकांस कळवले जाते आणि हरकतीसाठी दोन आठवड्यांची मुदत दिली जाते. ज्या बहिणीचा त्या जमिनीत हिस्सा आहे ती नाणे मावळातल्या एखाद्या गावी भातलावणीत गुंतलेली असते, आणि ‘तमाम लोकां’त आपण मोडतो याची तिला खबरही नसते. मुदत संपते, हरकत आली नाही असा शेरा पडतो, आणि व्यवहार निर्वेध होतो. थोडक्यात सांगायचे तर वकिलांना खेड्याकडे आकर्षित करण्याचे काम बाजाराने केव्हाच करून दाखवले आहे. मात्र त्याने ते टेबलाच्या एकाच बाजूसाठी केले. दुसऱ्या बाजूला बसलेल्या माणसाला सल्ला द्यायला कोण असते? बहुधा तोच मध्यस्थ, ज्याला दलाली खरेदीदाराकडून मिळायची असते.

बहिणींचा उल्लेख आलाच आहे तर त्याविषयी थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण मावळातल्या दुय्यम निबंधक कचेरीत रोज घडणारे हे नाट्य फारसे कोणी नोंदवत नाही. हिंदू उत्तराधिकार कायद्यात ९ सप्टेंबर २००५ पासून जी दुरुस्ती झाली तिने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला. वडील त्या तारखेला हयात होते की नव्हते, या वादावर सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी पडदा टाकला आणि मुलीचा हक्क वडिलांच्या हयातीवर अवलंबून नाही असे ठरवले. कायदा इतका स्पष्ट झाल्यावर काय घडले? हक्कसोडपत्रांचे महत्त्व वाढले. जमीन विकायची ठरली की भाऊ बहिणीला घ्यायला जातो. दिवाळीत, भाऊबिजेत न मिळणारी आस्था त्या दिवशी तिला मिळते. कचेरीत दस्त आधीच टंकलिखित झालेला असतो. ‘वाचून दाखवले, समजले’ अशी ओळ त्यात असते, आणि बाई अंगठा किंवा सही करून बाहेर येते. माहेर तुटू नये म्हणून तिने ती सही केलेली असते, आणि त्या भावनेला नावे ठेवण्याचा अधिकार तुम्हा-आम्हाला नाही. पण हक्क सोडला तरच भावाचे नाव लागते असे तिला सांगितलेले असते, आणि ते खोटे असते. आपले नाव ठेवूनही जमीन कसता येते, थोडा हिस्सा राखून बाकीचा सोडता येतो, नोंदणी झालेले हक्कसोडपत्र मागाहून सहजासहजी फिरवता येत नाही, या तीन गोष्टी तिला एका बाजूला घेऊन सांगणारी व्यक्ती त्या कचेरीच्या आवारात नाही. ती व्यक्ती स्त्री वकील असेल तर अधिक बरे. आणि मौज अशी, की १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे कोणत्याही स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, विनामूल्य वकील मिळण्याचा अधिकार आहे!

कातकऱ्यांची गोष्ट याहून वेगळी आणि अधिक करुण आहे. मावळात कातकरी, ठाकर आणि महादेव कोळी यांच्या वाड्या आहेत. परंतु पुणे जिल्ह्यातले अनुसूचित क्षेत्र आंबेगाव आणि जुन्नर तालुक्यांच्या काही भागांपुरते आहे. मावळ त्यात येत नाही. त्यामुळे पेसा कायद्याचे जे काही कवच आंबेगावच्या आदिवासीला मिळते ते येथे मिळत नाही. मात्र आदिवासीची जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीवाचून बिगर-आदिवासीकडे जाऊ नये, हे महसूल अधिनियमातले १९७४ पासूनचे बंधन राज्यभर लागू आहे, तसे ते मावळातही आहे. १९५७ ते १९७४ या काळात हातून गेलेल्या जमिनी परत देण्यासाठी तर स्वतंत्र कायदा झाला. हे कायदे ज्यांच्यासाठी झाले त्यांच्यापर्यंत पोचवायचे कोणी, याचे उत्तर मात्र एकाही कायद्यात नव्हते.

कायदा चांगला असूनही माणूस एकटा पडला की काय होते, याचा धडा महाराष्ट्राने कूळकायद्याच्या वेळी घेतलेला आहे. १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरला आणि कसणारा कूळ त्या दिवसापासून मालक मानला जाऊ लागला. पुढे किंमत ठरवण्यासाठी कुळांना नोटिसा गेल्या. जो हजर राहिला नाही, किंवा जमीन घेण्याची आपली इच्छा नाही असे ज्याने सांगितले, त्याची खरेदी निष्प्रभ ठरण्याची तरतूद त्याच कायद्यात होती. त्याआधी १९४८ च्या कायद्याचे काय झाले हे वि. म. दांडेकर आणि गो. ज. खुदनपूर यांनी पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतर्फे पाहणी करून १९५७ मध्ये मांडले होते. कुळांनी ‘स्वखुशीने’ सोडलेल्या जमिनींचे प्रमाण पाहून त्या स्वखुशीविषयी शंका घ्यावी लागली. सरकारी दप्तरात ‘स्वखुशी’ हा शब्द दिसला की आमच्या मनात अजूनही पाल चुकचुकते ती त्यामुळेच. आजचे हक्कसोडपत्र आणि त्या काळचे राजीनामे यांच्यात फार अंतर आहे असे वाटत नाही.

मग वकील येत का नाहीत, किंवा आले तर राहत का नाहीत? पूर्वी परिस्थिती अशी नव्हती, असे म्हणण्याचा मोह होतो. एकोणिसाव्या शतकातल्या आमच्या सार्वजनिक जीवनाचा कणा जिल्ह्याचा वकील हाच होता. १८७० मध्ये पुण्यात सार्वजनिक सभा उभी करणारे गणेश वासुदेव जोशी, म्हणजे आपले सार्वजनिक काका, पेशाने वकील होते, आणि कोर्टाचा खर्च लोकांच्या मुळावर येतो हे पाहून लवाद कोर्टांच्या उद्योगाला पाठबळ देणारेही तेच होते. लोकमान्यांनी पुण्यात कायद्याचा वर्ग चालवला, त्यातून शिकलेले लोक पुढे मुफसलात सनदा घेऊन बसले. १९२० च्या मुंबई प्लीडर्स कायद्याखालची जिल्हा वकिलाची सनद त्या माणसाला जिल्ह्याशी बांधून ठेवी. १९६१ च्या अधिवक्ता कायद्याने हे सारे थर मोडून देशभर एकच वर्ग केला, आणि २०११ पासून त्यातले ३० वे कलम अमलात आल्यावर कोणत्याही वकिलाला देशातल्या कोणत्याही न्यायालयात उभे राहण्याचा हक्क मिळाला. ही समता योग्यच झाली. ‘जिल्हा वकील’ या शब्दाला जो कनिष्ठपणाचा वास होता तो जायलाच हवा होता. पण त्याबरोबर नव्या पदवीधराची नजर एका दिशेला लागली. सनद मुंबई उच्च न्यायालयात चालते म्हटल्यावर वडगावला कोण थांबणार?

जुन्या काळाचे गोडवे गाऊन भागणार नाही हेही खरे. तो मुफसल वकील अनेकदा सावकाराचा वकील होता, आणि खोताचा व इनामदाराचाही. आजचा प्रश्न अर्थकारणाचा आहे, आणि तो सरळ आहे. वकिलीत पहिली पाच वर्षे काढणे हीच परीक्षा असते. भारतीय वकील परिषदेने ऑक्टोबर २०२४ मध्ये ज्येष्ठ वकिलांनी कनिष्ठांना शहरात दरमहा वीस हजार आणि ग्रामीण भागात पंधरा हजार रुपये विद्यावेतन द्यावे अशी शिफारस केली. शिफारस चांगली आहे. मात्र तालुक्याच्या गावी एखाद्या ज्येष्ठाची स्वतःचीच मिळकत अशी असते की त्याने दुसऱ्याला दरमहा पंधरा हजार द्यायचे म्हणजे आपला संसार त्याच्या हवाली करायचा. आंध्र प्रदेशाने २०१९ मध्ये नव्या वकिलांना दरमहा पाच हजारांची मदत सुरू केली, केरळातही असे पाऊल उचलले गेले. महाराष्ट्राला, ज्याने न्यायमूर्ती रानडे दिले, या बाबतीत मागे राहणे शोभत नाही.

पैशाइतकीच दुसरी अडचण भावकीची आहे. तिच्याबद्दल शहरातले लोक बोलत नाहीत, कारण त्यांना ती दिसत नाही. मावळातलाच एखादा मुलगा लोकलने पुण्याला जाऊन एल्‌एल.बी. होतो. तो परत येऊन गावात पाटी लावील, ही आपली अपेक्षा. पण गावात त्याचा चुलता एका वादात प्रतिवादी असतो, मावसा दुसऱ्यात साक्षीदार असतो, आणि सरपंच त्याच्या आतेबहिणीचा दीर असतो. लोक त्याच्याकडे मनातले बोलायला येत नाहीत. फी मागितली तर ‘घरचाच तू’ असे ऐकावे लागते. म्हणून पवन मावळातल्या वकिलाने अंदर मावळात बसावे आणि अंदर मावळातल्याने नाणे मावळात, हे अधिक शहाणपणाचे. भाषा तीच, भातशेती तीच, पण भावकी वेगळी.

सरकारने काही केलेच नाही असे नाही. बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने ३९-अ हे कलम आले आणि आर्थिक दुर्बलतेमुळे कोणी न्यायाला मुकू नये ही जबाबदारी राज्यावर पडली. १९७८ मध्ये होसकोट खटल्यात, जो महाराष्ट्रातलाच होता, सर्वोच्च न्यायालयाने कैद्याला अपिलासाठी विनामूल्य वकील मिळाला पाहिजे असे सांगितले. १९८७ चा कायदा १९९५ मध्ये अमलात आला, तालुका विधी सेवा समित्या झाल्या. २०२२ मध्ये फौजदारी कामांसाठी पगारी बचाव वकिलांची योजना आली, पण तिचा मुक्काम जिल्ह्याच्या ठिकाणी आहे. गावात जे पोचते ते शिबिर. फलक लागतो, भाषणे होतात, माहितीपत्रके वाटली जातात, आभारप्रदर्शन होते. शिबिराला आलेल्या म्हाताऱ्याला जो प्रश्न विचारायचा असतो तो त्याच्या पिशवीतच राहतो, कारण तो प्रश्न चारचौघांत विचारण्यासारखा नसतो आणि वक्त्यांची मोटार उभी असते. २००८ च्या ग्राम न्यायालय कायद्याने न्यायाधीशाने गावी जावे अशी सोय केली. १९८६ मध्ये विधी आयोगाने आपल्या ११४ व्या अहवालात जी कल्पना मांडली होती तिचे ते फळ होते. त्यात न्यायाधिकारी गावोगाव फिरेल असे आहे, पण पक्षकाराचा वकील कोठून येईल याचा विचार फारसा नाही. न्यायाधीश गावात आणि वकील शहरात, अशी ही रचना आहे.

काही जण सुचवतात की डॉक्टरांप्रमाणे विधी पदवीधरांनाही एक वर्ष खेड्यात सक्तीने पाठवावे. ही सूचना ऐकायला बरी वाटते, पण ती मान्य करता येणार नाही. डॉक्टर आणि रोगी यांच्यात विरोधी पक्ष नसतो. वकिलाचे काम मात्र पुष्कळदा तहसीलदाराविरुद्ध, संपादन अधिकाऱ्याविरुद्ध, कधी ग्रामपंचायतीविरुद्ध असते. सक्तीने आलेला आणि दिवस मोजणारा मनुष्य त्यांच्याशी भांडण घेणार नाही. शिवाय एका वर्षात फेरफाराची एक साखळीसुद्धा पुरती वाचून होत नाही.

अमेरिकेतल्या साउथ डाकोटा राज्याने २०१३ मध्ये जो उपाय केला तो या संदर्भात पाहण्याजोगा आहे. त्या विस्तीर्ण राज्यातले वकील दोन-चार शहरांत एकवटले होते आणि कित्येक परगण्यांत नाव घ्यायलाही वकील उरला नव्हता. तेव्हा विधिमंडळाने कायदा करून ठरवले, की दहा हजारांहून कमी वस्तीच्या परगण्यात पाच वर्षे राहून वकिली करण्याचा करार जो करील त्याला दरवर्षी एक ठराविक रक्कम द्यायची. ती रक्कम राज्याच्या विधी महाविद्यालयाच्या वर्षाच्या शुल्काच्या नव्वद टक्के. खर्चातला निम्मा वाटा न्यायव्यवस्थेने, पस्तीस टक्के त्या परगण्याने आणि पंधरा टक्के वकिलांच्या संघाने उचलायचा. आरंभी सोळाच वकिलांची सोय होती. त्यांचे खेडे आणि आपले खेडे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे हे उघड आहे. तरी ज्या गावाला वकील हवा त्या गावाने थोडा पैसा घातला पाहिजे, आणि वकिलांच्या संघटनेनेही ठरावापलीकडे जाऊन खिशात हात घातला पाहिजे, या दोन गोष्टी उचलण्यासारख्या आहेत.

मावळापुरता हिशेब करून पाहू. पवन मावळासाठी पवनानगर, नाणे मावळासाठी कामशेत आणि अंदर मावळासाठी टाकवे बुद्रुक अशा तीन ठिकाणी प्रत्येकी एक वकील पाच वर्षांसाठी बसवायचा. वकील परिषदेने ग्रामीण भागासाठी सुचवलेले पंधरा हजार धरले तर तिघांचा वर्षाचा खर्च पाच लाख चाळीस हजार रुपये होतो. ही रक्कम मोठी वाटत असेल तर तिची तुलना मावळातल्या जमिनीच्या व्यवहारांशी करावी. ग्रामीण भागातल्या खरेदीखतावर मुद्रांक शुल्काबरोबर जिल्हा परिषदेचा एक टक्का अधिभार वसूल होतो. एक कोटीचा व्यवहार झाला की त्यातून एक लाख येतात. म्हणजे सुमारे साडेपाच कोटींच्या व्यवहारांवरचा अधिभार या तिघांना वर्षभर पुरेल. लोणावळ्याच्या आसपास जमिनीचे जे आकडे बोलले जातात ते ऐकता हा फार मोठा बोजा नव्हे. ज्या व्यवहारांत विकणारा एकटा पडतो त्याच व्यवहारांच्या पैशातून त्याला सोबत मिळावी, यात न्यायही आहे.

यावर एक आक्षेप निघेल आणि तो रास्त आहे. जिल्हा परिषदेच्या पैशावर बसलेला वकील जिल्हा परिषदेविरुद्ध कसा उभा राहील? म्हणून पैसा कोठूनही येवो, निवड आणि वेतन जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या हाती असावे; त्याचे अध्यक्ष जिल्हा न्यायाधीश असतात. ग्रामपंचायतीने फक्त एक खोली, एक कपाट आणि वीज द्यावी. सल्ला विनामूल्य असावा. ज्याला पुढे खटला लढवायचा आहे आणि ज्याची ऐपत आहे त्याच्याकडून वकिलाने रीतसर फी घ्यावी. नाही तर पाच वर्षांनी विद्यावेतन थांबले की तोही लोकल पकडेल. १९९८ पासून जिल्हा व तालुका न्यायालयांची भाषा मराठी झालेली आहे. तेव्हा मराठी माध्यमातून शिकलेल्या आणि उच्च न्यायालयाच्या इंग्रजीला बिचकणाऱ्या मुलामुलींसाठी ही कमीपणाची जागा ठरू नये.

पुण्यातल्या विधी महाविद्यालयांचाही यात वाटा आहे. विद्यार्थ्यांना अभ्यासक्रमाचा भाग म्हणून काही आठवडे प्रत्यक्ष कामाचा अनुभव घ्यावा लागतो आणि प्रत्येक महाविद्यालयात विधी साहाय्य केंद्र असते. हा अनुभव मोठ्या कंपन्यांच्या वातानुकूलित कचेऱ्यांत घेण्याची धडपड चालते. त्यांतल्या काही आठवड्यांत टाकव्याच्या चावडीत बसून जुने फेरफार वाचायला शिकलेला विद्यार्थी जमिनीचा कायदा पुस्तकापेक्षा पक्का शिकेल. मोडीतले जुने कागद पुढे आले तर त्याची थोडी तारांबळ उडेल, तीही त्याच्या हिताचीच ठरेल.

‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ ही म्हण या सगळ्यावर हमखास फेकली जाईल. खेड्यात वकील बसला की भांडणे वाढतील, भाऊ भावावर दावे लावतील, असे पुष्कळांना वाटते. त्यांत शिक्षक आहेत, ग्रामसेवकही आहेत. या भीतीत तथ्य अजिबात नाही असे नाही. पण ज्या माणसाच्या नावाने समन्स निघाले आहे, ज्याची जमीन संपादनाच्या यादीत आली आहे, त्याला पायरी चढू नये हा सल्ला देऊन काय उपयोग? तो पायरीवर उभाच आहे. त्याला तेथे कोणी आणले हा प्रश्न वेगळा.

पुण्याच्या वर्तुळाकार मार्गासाठी उर्से परिसरात जमिनींच्या मोजण्या झाल्या, नोटिसा निघाल्या, संमतीने जमीन देणाऱ्यास वाढीव मोबदल्याचे आश्वासन मिळाले. संमतीपत्रावर सही केल्यावर पुढचे कोणते मार्ग खुले राहतात आणि कोणते बंद होतात, हे त्या घरांतल्या किती जणांना कोणी समजावून सांगितले असेल? मावळात यापुढेही रस्ते होतील, वाहिन्या जातील, कारखाने येतील, आणि प्रत्येक वेळी चावडीवर एक कागद डकवला जाईल. वडगावच्या तालुका विधी सेवा समितीने आणि तेथल्या वकील मंडळींनी मनावर घेतले, तर तिन्ही ठिकाणांची वाट न पाहता पवनानगरला आठवडे बाजाराच्या दिवशी एक टेबल आणि दोन खुर्च्या टाकून सुरुवात करता येईल. एक खुर्ची वकिलासाठी आणि दुसरी पिशवी घेऊन आलेल्या माणसाला बसण्यासाठी.